पानामागून येणारा कोरा कागद

तीन आठवडे आमच्या ऑफिसातल्या लेझर प्रिंटरचं एकच नाटक चालू होतं. एका पानाची प्रिंट दिली की पान व्यवस्थित छापून बाहेर यायचं आणि त्याच्या मागोमाग एक कोरा कागद अर्धवट आत जाऊन अडकायचा, की लागला लाल दिवा. जुलै महिना, रिटर्नची धांदल, आणि आम्ही दर पानाला झाकण उघडा टोनर काढा कागद ओढा हेच करत बसलेलो.

पहिला आळ अर्थातच पावसावर. "कागद सर्दावलाय रे," मॅडम म्हणाल्या. नवी रीम फोडली, 75 जीएसएमची, पानं फडफडवून घातली, फरक शून्य. मग सर्व्हिसवाला येऊन पिकअप रोलर (कागद आत ओढणारं रबरी चाक) आणि सेपरेशन पॅड (एका वेळी एकच कागद सुटावा म्हणून असलेली गादी) दोन्ही बदलून, बिल देऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली सात-आठ पानं नीट आली, मशीन तापलं आणि परत तेच.

मग शनिवारी ऑफिस रिकामं असताना मी नुसता आवाज ऐकत बसलो. एका पानाला एकदाच खट् व्हायला हवं, इथे खट्... खट् दोनदा होत होतं. आणि तिथेच डोक्यात उजेड पडला, की दोन कागद एकमेकांना चिकटून येत असते तर पॅडचा दोष, पण इथे कागद एकामागे एक येतायत, म्हणजे रोलर एका फेरीनंतर थांबतच नाहीये!

त्याला थांबवतो सोलेनॉइड, म्हणजे छोटा विद्युतचुंबक. करंट आला की तो लोखंडी पट्टी ओढतो, गिअर सुटतो, करंट गेला की स्प्रिंगने पट्टी मागे येऊन एका फेरीनंतर गिअर अडवते. आवाज होऊ नये म्हणून पट्टी आपटते तिथे फोमचा इवलासा तुकडा असतो आणि तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पार काकवी होतो. पट्टी त्यात क्षणभर चिकटते, तेवढ्यात रोलर दुसरी फेरी मारून मोकळा.

प्लग काढला, फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर वितळवून बसवणारा भाग, थंड होऊ दिला (तो 200 अंशांच्या आसपास तापतो, घाई करू नका), साइड कव्हर उघडलं. फोम बोटाला तार सुटेपर्यंत चिकट. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला आणि त्या जागी कापडी टेपचा तुकडा लावला. टेप हवाच, नाहीतर लोखंडावर लोखंड टेकतं आणि उरलेल्या चुंबकत्वाने पट्टी पुन्हा अडकू शकते.

पन्नास पानं सलग काढली, प्रत्येक पानाला एकच खट्. आमच्या मशीनमध्ये मॅन्युअल ट्रेचा सोलेनॉइड वेगळा आहे, उघडलंच आहे तर तोही बघून घेतला. त्याचा फोम अजून चिकटत नाही, पण दाबला की बोटाची खूण राहते. दिवाळीपर्यंत तरी ढकलेल असं वाटतंय.