मादी एकटी दिसते तेव्हा

कॅनडा-अमेरिकेत काळ्या अस्वलाच्या वसंतातल्या शिकारीवर वाद झाला की आकड्यांवर भांडणं होतात. खरा पेच नेम धरतानाचा आहे: समोरचं जनावर नर की मादी, आणि मादी असेल तर पिल्लं कुठे?

पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत जन्मतात, वजन अर्धा किलोही नसतं. वसंतात हिवाळी गुहेतून बाहेर पडतात तेव्हा दुधावरच असतात. मादी चरायला जाताना त्यांना झाडावर चढवते, त्यामुळे शिकाऱ्यांनी ठेवलेल्या आमिषापाशी ती एकटीच दिसते. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात पिल्लंवाली मादी मारायला बंदी आहे, पण पिल्लं दिसलीच नाहीत तर नियम पाळणार कसा? मोठ्या नराचे कान डोक्याच्या मानाने लहान वाटतात, दुधावरच्या मादीची आचळं दिसू शकतात. पण संधिप्रकाशात, दाट केसांत, खाली मान घालून खाणाऱ्या जनावराची? अवघडच.

वसंतातल्या शिकारीच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. नर आधी बाहेर पडतात, पिल्लंवाल्या माद्या सगळ्यात शेवटी. मग मोसमही लवकर संपवायला हवा; तो लांबला की हा युक्तिवाद गळून पडतो. शरद ऋतूत आई गेली तरी पिल्लांना जगण्याची थोडी आशा असते, मे महिन्यात जवळपास नसतेच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी 1992 मध्ये ही शिकार बंद केली. ऑन्टॅरिओने 1999 मध्ये थांबवली आणि 2014 मध्ये प्रायोगिक म्हणून पुन्हा सुरू केली.

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकारीचा मोसम वगैरे भानगडच नाही. पण निफाड-दिंडोरीच्या उसात हीच चूक उलट्या बाजूने होते. तोडणीत बिबट्याचे बछडे सापडले की लोक त्यांना 'अनाथ' ठरवतात. आई बहुतेकदा जवळच्याच फडात असते.

तेवढ्या पट्ट्यातली तोड लगेच थांबवा, 1926 या फोन क्रमांकावर वनखात्याला कळवा. बछडे उचलू नका, गाईचं दूध पाजू नका, सेल्फी तर नाहीच. वनखात्याची माणसं तपासणी करून संध्याकाळी बछडे क्रेटमध्ये, सापडले त्याच जागी ठेवतात. क्रेट मादीला सहज पाडता येईल असा हवा, शेजारी ट्रॅप कॅमेरा. जागा बदलली, तर ती शोधत राहते जुन्याच ठिकाणी. पहिल्या रात्री आली नाही, तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तिथेच ठेवायचे, आणि त्याआधी बांधावरची गर्दी घरी पाठवायची.