तुम्ही विचारलंत म्हणून: कापूस वेचणारा रोबो
गावी गेलो की पारावर कोणीतरी विचारतंच, "सर, तुमी रोबो शिकोता न, मंग कापूस येचाचा रोबो काहून नाई बनोवत?" दिवाळीनंतर तर रोज. बोंडं फुटून लोंबत असतात, वेचायला बाया मिळत नाहीत, वर अवकाळीची धास्ती. विचारणाऱ्याच्या घशाशी आलेलं असतं. म्हणून नीट सांगतो.

राळेगाव तालुक्यात आमचं पाच एकर कोरडवाहू वावर. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल केलं. पहिली नोकरी एका खासगी कॉलेजात लागली, तिथे सहा-सहा महिने पगार व्हायचा नाही. ते दिवस आईच्या वेचणीच्या मजुरीवर निघाले. मग एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा, नागपूरला व्हीएनआयटीत एम.टेक. आणि तिथेच पीएच.डी. पुढच्या बढत्या झाल्या तशा झाल्या.

वर्गात मी दरवर्षी सुरुवात करतो ती 1955 च्या डेनाव्हिट-हार्टेनबर्ग पद्धतीने. प्रत्येक सांध्याचे चार आकडे कळले की यांत्रिक हाताचं टोक कुठे आहे ते काढता येतं. उलटं गणित अवघड. टोक अमुक जागी हवं, तर सांधे किती वळवायचे? 1961 मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा औद्योगिक रोबो कामाला लागला, कारण तिथे वस्तू दर वेळी त्याच जागी येते. पऱ्हाटीवरचं बोंड पानाआड दडलेलं असतं, वाऱ्याने हलतं. त्यात भर दुपारी पांढरा कापूस कॅमेऱ्यात नुसता चमकतो, त्याची कडच सापडत नाही.

एवढं जमलं तरी खरी अडचण पुढेच आहे. पीएच.डी.च्या काळात मी आईच्या हातांचं चित्रण केलं होतं. फुटलेल्या बोंडात कापसाच्या चार-पाच फाका असतात आणि भोवती वाळलेल्या टरफलाची टोकं, सुईसारखी. आईची बोटं त्या टोकांच्या मधून बुडाशी जात, सगळ्या फाका एकदम धरत आणि एका हिसक्यात कापूस ओटीत येई. पाल्याचा कण त्यात नसे. चित्रण हळू करून शंभरदा पाहिलं. बोट आत शिरल्यावर ती किंचित थांबते, कुठली फाक अजून ओली आहे ते चाचपते, मगच ओढते. तो क्षणभराचा थांबा मला आजवर कुठल्याही ग्रिपरमध्ये, म्हणजे रोबोच्या पकडणाऱ्या पंजात, आणता आलेला नाही. आमचा ग्रिपर निम्मा कापूस बोंडातच सोडतो. हवेने ओढून पाहिलं, तर कापसाबरोबर पाचोळाही येतो, आणि तसल्या कापसाला भाव पडतो.

अमेरिकेत वेचणीची मोठी यंत्रं 1940 च्या दशकापासून विकली जातात, हे खरं. पण तिथे औषध फवारून आधी पानं गाळतात आणि बहुतेक बोंडं एकदम फुटतील असं वाण लावतात. आपल्याकडे तीन-चार वेचे होतात. आज एक बोंड फुटलेलं, शेजारचं अजून हिरवं.

म्हणून मी ते मोठं यंत्र बनवत नाही. एका झाडाशी थांबून एकच बोंड नीट वेचणारा हात बनवतोय. माझी एक विद्यार्थिनी बोटांना मऊ रबराचे सेन्सर लावतेय, ती स्वतः वेचणीला जाऊन वाढलेली आहे. यंदा पहिल्या वेच्याला आम्ही दोघं आईच्या वावरात असू. कॅमेऱ्यावर सावली धरायला जुनी छत्री काढून ठेवली आहे.