टोपण माझ्याकडे

परवा दुपारी एका हॉटेलच्या पोर्चमध्ये उभा राहून मी माझ्याच गाडीचा आवाज ऐकत होतो. गाडी दिसत नव्हती. ती कोपऱ्यावरून वळून तळघराच्या उताराला लागली होती, आणि तिच्यात बसून जो गेला त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा सव्वा मिनिटापूर्वी पाहिलं होतं. पहिला गिअर ऐकू आला. मग बारीकसा खंड. मग दुसरा. दुसरा? पार्किंगमध्ये दुसरा कशाला?

हातात कागदी टोकन होतं, ४७ नंबरचं. मागे बारीक अक्षरात छापलेलं, की गाडी मालकाच्या जबाबदारीवर. कायद्यात याला निक्षेप म्हणतात. शब्द भारदस्त आहे, अर्थ साधा: ठेव. मी माझी ठेव ठेवली होती आणि पावतीवर लिहिलं होतं की ठेवीची जबाबदारी माझीच. असल्या पावतीवर मी एरवी एक छत्रीसुद्धा ठेवली नसती.

गाडी म्हणजे माझ्दाची एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, बॉनेटमधून वर येणाऱ्या दिव्यांची. ही गाडी १९८९ साली आली आणि २०१६ पर्यंत या नावाच्या दहा लाख गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या, त्यामुळे दुर्मिळ, अनमोल वगैरे म्हणायची सोय नाही. दोन दारं, दोन सीट, कापडी टप, वजन टनाच्या आत. हल्लीची कुठलीही कुटुंबवत्सल गाडी चढावर हिला आरामात मागे टाकते, आतली मुलं वर हातही हलवतात. शिवाय माझ्याआधी तिला तीन मालक होऊन गेले. ते मला चालतात. व्हॅलेवाला, म्हणजे हॉटेलात पाहुण्यांच्या गाड्या नेऊन लावणारा, चालत नाही. नावातच 'माझ' आहे, त्याचा परिणाम असावा.

एरवी समोरच्याचं वय पाहून पटकन अरे-तुरेवर येणारा मी, किल्ली देताना मात्र विशीतल्या पोराला 'दादा' म्हणतो. "दादा, नाक फार खाली आहे, उतारावर जरा तिरकी घ्या." हो सर. "दादा, हँडब्रेक फार ओढू नका." हो सर. "आणि टपाला हात लावू नका, आहे तसा राहू द्या." हो सर. तिन्ही वेळा तोच सूर. शाळेच्या पहिल्या दिवशी दारात रेंगाळणाऱ्या आईच्या हातून पोर काढून घेणाऱ्या बाईंचा असतो, तो. आम्ही बघतो, तुम्ही जा.

पोरगा उंच होता. माझी गाडी उंच माणसांसाठी केलेली नाही. आधी एक पाय, मग पाठ, मग मान, मग राहिलेला पाय, अशी घडी घालून तो आत गेला आणि सीट मागे सरकवली. तो खट् आवाज मला आतपर्यंत लागला. ती सीट कुठल्या खाचेत बसवायची हे ठरवायला मला तीन महिने लागले होते. वळणावर अंधार आला तसे त्याने दिवे लावले आणि गाडीचे दोन्ही डोळे टक्क उघडले. माझ्यासाठी उघडतात तसेच, तितक्याच उत्साहाने. घरचं कुत्रं पाहुण्यापुढे शेपूट हलवतं तेव्हा असंच काहीसं वाटतं. अरे, निदान थोडा वेळ तरी गुरगुर.

बाबांचं एक शाईपेन होतं. काळं, जाड, टोपणाला सोनेरी पट्टी. बाबा ते कुणाला देत नसत, पण कुणी मागितलं तर नाही म्हणणंही त्यांना जमत नसे. पोस्टात, बँकेत, जिथे रांग तिथे कुणीतरी मागायचंच: जरा पेन देता? मग बाबा खिशातून पेन काढत, टोपण फिरवून काढत आणि नुसतं पेन पुढे करत. टोपण डाव्या मुठीत. ही युक्ती कुणी कुणाला शिकवत नाही, तरी सगळ्यांना येते. टोपण नसलेलं पेन माणूस चुकूनही खिशात घालत नाही, निदान पांढऱ्या शर्टाच्या तरी.

मी त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असे. समोरचा फॉर्म भरायचा आणि बाबा त्याच्या हाताबरोबर मान हलवायचे. त्याने पेन दाबलं की यांची भुवई दाबली जायची. एकदा एका गृहस्थाने शाई उतरेना म्हणून पेन झटकलं. भिंतीवर निळ्या थेंबांची एक तिरपी ओळ उमटली. बाबा काही बोलले नाहीत, पण पुढचा आठवडाभर घरात कुणी कुठलीही वस्तू झटकली की ते मान वर करून बघत. निब एका हाताची झालेली असते, दुसऱ्याचा हात लागला की ती फिरते, असं त्यांचं ठाम मत होतं. पेन परत आलं की ते हातातल्याच कागदाच्या कोपऱ्यावर स्वतःची सही करून बघायचे. फिरली नाहीये ना?

शेवटी ते पेन गेलंच. कुणी नेलं कळलं नाही. रांग पुढे सरकली, कुणीतरी बाबांना हाक मारली, ते वळले, आणि परत बघतात तर मेज रिकामं. घरी आले ते मुठीत टोपण घेऊन. ते टोपण पुढे कित्येक वर्षं टेबलाच्या खणात होतं. फेकायचं कुणालाच सुचलं नाही. मी ते बोटात घालून त्याचा भाला करायचो.

तर ४७ नंबरचं टोपण माझ्या मुठीत होतं आणि आत निवृत्तीच्या जेवणाची भाषणं सुरू झाली होती.

असल्या काळजीबद्दल रात्री बसून वाचायची मला खोड आहे. त्यातून कळलेलं असं, की काही गाड्या आपलं रक्षण आपणच करतात. मॅक्लारेन एफ-वनमध्ये चालकाची जागा मधोमध असते, दोन बाजूंना दोन प्रवासी. अशा एकूण १०६ गाड्या झाल्या. दार उघडून नेहमीसारखं बसायला गेलेल्या व्हॅलेवाल्याला स्टिअरिंग शेजारच्या सीटपुढे दिसत असणार. फेरारीच्या टेस्टारोसात पहिला गिअर डावीकडे खाली आणि नेहमी जिथे पहिला असतो तिथे रिव्हर्स. सवयीने हात गेला की पोर्चमधली मंडळी मागे सरली म्हणून समजा. लॅम्बोर्गिनीच्या काऊंटाशमधून मागचं इतकं कमी दिसतं की ती मागे घेताना दार वर उचलून, उंबरठ्यावर बूड टेकून, मान बाहेर काढून घेतात. अशी गाडी दुसऱ्याला देताना माणूस काय सांगत असेल? दादा, जरा दारात बसा.

नव्या गाड्यांत तर व्हॅले मोडच असतो, किल्ली दुसऱ्याला देताना गाडीला आवर घालणारा. डॉजच्या हेलकॅटला किल्ल्या दोन, लाल आणि काळी. लाल लावली तर ७०७ अश्वशक्ती, काळी लावली तर ५०० वर समाधान. त्याशिवाय व्हॅले मोड वेगळा, त्यात पहिला गिअरच पडत नाही आणि इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर जात नाही. टेस्ला तुमच्या घरचा पत्ता लपवते. कॉर्व्हेटवाले २०१४ साली याच्याही पुढे गेले. गाडी दुसऱ्याच्या हातात असताना समोरचं चित्रण, वेग, गिअर आणि आत बसलेल्याचं बोलणं, सगळं टिपून ठेवायची सोय त्यांनी केली. मग त्यांनाच मालकांना कळवावं लागलं की तूर्त हे वापरू नका, न सांगता माणसाचा आवाज टिपणं अमेरिकेत काही राज्यांच्या कायद्यात बसत नाही. वाचून मला हसू आलं आणि लगेच वाटलं, आपल्याला मिळालं असतं तर? ऐकलं असतं. जेवण सोडून ऐकलं असतं.

माझ्या गाडीत असलं काही नाही. माझा व्हॅले मोड म्हणजे ट्रिप मीटर. किल्ली देण्याआधी मी तो शून्यावर आणतो. ही गोष्ट घरात कुणाला माहीत नाही. मागे एकदा गाडी परत आली तेव्हा ०.४ दाखवत होता. चारशे मीटर! गाडी तर समोरच्या भिंतीपलीकडे, शंभर पावलांवर लावली होती. मी मोजून आलो. उरलेल्या वाटेवर काय झालं असेल याचं चित्र मी घरी पोचेपर्यंत रंगवत होतो. त्या चित्रात ऊन होतं, टप उघडा होता आणि चालवणाऱ्याचे केस उडत होते. पुढे कधीतरी उलगडा झाला की गाड्या आधी तीन मजले गोल गोल खाली नेऊन मागच्या बाजूने वर काढतात. पण सांगायची गोष्ट अशी, की त्या चित्रात गाडीला कुठे ओरखडा नव्हता. काही घासलं नव्हतं, आपटलं नव्हतं. तो फक्त मजेत चालवत होता. आणि गाडीही मजेत होती.

भाषणं संपली, जेवण झालं, मी टोकन दिलं. गाडी आली. हळू, सरळ, पायरीपासून वीतभर अंतरावर. तोच पोरगा. घडी उलगडत बाहेर आला, आणि मी नको नको म्हणेपर्यंत आत वाकून सीट परत पुढे घेतली. खट्. नेमकी माझ्या खाचेत. त्याने नेताना मोजल्या असणार.

मी खिशात हात घातला, त्याच्या हातावर वरखुशी ठेवली. तो जाईना.

"सर, एक सांगू का? राग मानू नका."

पोटात गोळा आला. पुढचं नाक? उजवं चाक?

"क्लच फार वर पकडतोय. प्लेट संपत आलीय. पहिल्यावर थरथरत होती म्हणून मी उतारावर दुसरा टाकला." मग जरा थांबून, "तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता का?"

"छे," मी म्हणालो. इतक्या तत्परतेने मी खरं कधी बोलत नाही.

"बरं सर," तो म्हणाला. तोच सूर. "पेडलचं रबर एका कडेने गुळगुळीत झालंय, रेघा राहिल्या नाहीत, म्हणून विचारलं. ब्रेकचं बघा, नव्यासारखं आहे."

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. तो तिकडे धावला.

घरी येऊन मी बॅटरी घेतली, दार उघडून गुडघ्यावर बसलो आणि पहिल्यांदाच आपल्या गाडीच्या पेडलांकडे नीट पाहिलं. क्लचच्या रबराची उजवी कड माझ्या बुटाच्या आकाराने झिजली होती, आंघोळीच्या साबणासारखी चकचकीत. ब्रेकच्या रेघांमध्ये धूळ होती. तीन मालक होऊन गेले म्हणून त्यांच्यावर ढकलता आलं असतं, पण हे रबर मीच बदलून घेतलं होतं, आल्या आल्या, हौसेने.

बाकीचं म्हणजे त्याने काय काय पाहिलं असेल? दाराच्या कप्प्यात पार्किंगच्या चिठ्ठ्यांच्या तीन पिढ्या आहेत. सीटखाली वाचायचा चष्मा आहे, जो मी वापरत नाही असं सगळ्यांना सांगतो. आरसा असा लावलेला आहे की मागच्या रस्त्यापेक्षा माझा अर्धा चेहरा जास्त दिसतो. मी पोर्चमध्ये कान देऊन त्याच्यावर पहारा करत होतो तेव्हा तो दोन मिनिटांत मला वाचून मोकळा झाला होता. जुन्या फौजेत घोडा ज्याच्या मालकीचा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. मी आपला शिलेदारीच्या तोऱ्यात पोराला बारगीर ठरवून बसलो होतो. तो निघाला मोतद्दार. दिवसभर लोकांच्या घोड्यांचे लगाम धरणारा, त्यामुळे कुणाची टाच कुठे रुतते हे त्या स्वारापेक्षा जास्त जाणणारा.

त्यावरून आठवलं. निब एका हाताची होते म्हणायचे बाबा. मी लहानपणी त्यांचं पेन चोरून वापरलं होतं, एकदा नाही, बऱ्याचदा. निब फिरलेली त्यांना कधी कळली नाही. का कळत होती आणि ते बोलत नव्हते, कोण जाणे.

गाडी अजून गॅरेजला नेलेली नाही. नेईन. काल सिग्नलला उभा होतो, तर डावा पाय क्लचवर. ताबडतोब काढला, बाजूला ठेवला, छान वाटलं. मग सिग्नल सुटला आणि पुन्हा ठेवावाच लागला.