इंदूर ते बडोदा, जुन्या डिझेल मरिनातून

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून मावशी (बायकोची, पण आता माझीही) फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या आणि त्यांच्या दिवाणखान्यातला सागवानी झोपाळा आमच्याकडे यायचा होता. फळी पाच फुटांची, जोडीला पितळी कड्यांचा जुडगा. टेम्पोवाल्याने सांगितलेलं भाडं ऐकल्यावर मी म्हटलं, दारात स्टेशन वॅगन उभी आहे ती कशासाठी?

गाडी टाटा इंडिगो मरिना, टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारी चक्की). मरिना २००४ मध्ये आली. त्याआधी १९९२ मध्ये टाटांनीच ‘इस्टेट’ नावाची अशीच वॅगन आणून पाहिली होती. आपल्याकडे मागे लांब डिकी दिसली की लोकांना रुग्णवाहिका आठवते, नाहीतर त्याच्याही पुढची गाडी. त्यामुळे ह्या जातीला गिऱ्हाईक कधी फारसं मिळालंच नाही. ज्याला सामान वाहायचंय आणि लोक काय म्हणतील ह्याचं सोयरसुतक नाही, त्याच्या ते पथ्यावरच पडलं. चालू अवस्थेतली गाडी मला नव्या स्कूटरच्या भावात मिळाली.

इंजिन १४०५ सीसीचं, साधं. इनडायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल आधी वरच्या छोट्या कोठडीत पेट घेतं आणि मग सिलिंडरमध्ये उतरतं. डिझेलचा पंपही यांत्रिक. आवाज पिठाच्या गिरणीचा, पण हायवेवरच्या कुठल्याही मिस्त्रीला पाना-पकड घेऊन उघडता येतं. ताकद साठेक अश्वशक्ती, आणि पहिला मोह इथेच होतो. ‘पंप थोडा खोल देता हूँ साब, उड़ने लगेगी,’ असं सांगणारा मिस्त्री इंदुरात तुम्हाला भेटणारच. खोलू देऊ नका. डिझेल वाढतं, हवा तेवढीच राहते. मग काळा धूर, जास्त तापणारा टर्बो आणि पीयूसीला नापास. जुन्या गाडीवर पैसे घालायचेच तर माझा क्रम ठरलेला आहे: आधी थांबणं, मग दिसणं, मग गार राहणं, मग वजन पेलणं. वेग ह्या यादीत नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लांबच्या प्रवासात पारखून मगच पुढच्याला हात घालायचा. चार कामं एकदम केली की आवाज कुठून आला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

थांबण्याचं आधी. पेट्रोल गाडीच्या इनलेटमध्ये, म्हणजे हवा ओढायच्या नळीत, व्हॅक्युम आपसूक तयार होतो, डिझेलच्या होत नाही. म्हणून ब्रेक बूस्टरसाठी (पायाचा जोर वाढवणारा डबा) वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. ह्या गाडीत तो अल्टरनेटरलाच जोडलेला आहे. गाडी विकत घेताना ही परीक्षा कराच: इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. तसंच दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर आणि पंप ठीक. जागचं हललं नाही तर भाव पाडून मागा, नाहीतर उठून घरी या. ह्याच कारणासाठी घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. पंप थांबला की बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्युम दोन-तीन ब्रेकांत संपतो.

दिसण्याचं काम सर्वांत स्वस्तात झालं आणि त्याचा फरक सर्वांत मोठा पडला. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशच्या स्विचमधून, बारीक वायरीतून फिरत जातो. मी मीटर लावून पाहिलं: इंजिन चालू असताना बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर जेमतेम बारा. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड साधारण तीस टक्के जातो. जाड वायरीची रिले हार्नेस बसवली (ह्यात स्विच फक्त इशारा देतो, करंट वेगळ्या वायरीतून जातो), बॅटरीपासून फ्यूज घालून थेट लाइन घेतली आणि बल्ब तेच मूळचे ६०/५५ वॉटचे ठेवले. काचा पिवळ्या पडल्या होत्या, त्या बारीक पॉलिश पेपरने पाणी मारत घासल्या. शंभर वॉटचे बल्ब होल्डर वितळवतात, आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातली की समोरच्याचे डोळे दिपतात, आपल्याला मात्र लांबचं दिसत नाही.

गार राहण्यासाठी रेडिएटर खोलून साफ केला, झाकण नवं घेतलं आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरलं. झाकण म्हणजे नुसतं बूच असं समजू नका. त्याच्या दाबामुळेच पाण्याचा उत्कलनबिंदू शंभराच्या वर जातो. रबर सैल पडलं की चढावर गाडी उकळते. पंख्याला डॅशवर एक वेगळा स्विचही काढून घेतला, म्हणजे सेन्सरची वाट न बघता घाटाच्या पायथ्यालाच पंखा सुरू करता येतो. वजनासाठी मागचे शॉकअप नवे घेतले आणि टायर १७५/६५ आर१४ काढून १८५/६५ आर१४ घातले. व्यास तेरा मिलिमीटरने वाढला, म्हणजे गाडी साडेसहा मिलिमीटर उचलली गेली. स्पीडब्रेकरला तेवढंही पुरतं. ह्याच्या पुढे जाऊन ढाचा कापायचा, इंजिन बदलायचं वगैरे विचार असतील तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेच्या बाहेरचे फेरफार चालणार नाहीत असं सांगितलंय.

तर एवढ्या तयारीनिशी पहाटे लोकमान्यनगरातून निघून चंदननगरमार्गे धार रोडला लागलो. पोहे-जिलेबीचे ठेले तेव्हा नुकते मांडले जात होते, म्हणजे आपण वेळेवर निघालो. बडोदा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. बेटमा, घाटाबिल्लोदपर्यंत ट्रक फार, त्यात डावीकडून ओव्हरटेक करणारे आपले इंदुरी भिया. उजाडायच्या आत हा पट्टा मागे टाकलेला बरा. धारला आम्ही थांबलो नाही. वेळ असेल त्याने किल्ल्यावर जाऊन यावं. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ मध्ये ह्याच किल्ल्यात झाला.

पुढे सरदारपूर. तिथे तणमोर ह्या पक्ष्यासाठी राखलेलं अभयारण्य आहे, आणि ह्या बाजूचं चौपदरीकरण वनखात्याच्या परवानग्यांत वर्षानुवर्षं अडकलं होतं. नंतर येतो माछलिया घाट. सह्याद्रीतले घाट पाहिलेल्यांना हा किरकोळ वाटेल, पण भरल्या ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर चढताना जुन्या इंजिनाची खरी परीक्षा अशा चढावरच होते. एसी बंद, पंखा चालू, डोळा तापमानाच्या काट्यावर. काटा अर्ध्यावर होता तो तिथून हलला नाही, आणि मी बायकोकडे असं पाहिलं की जणू रेडिएटर मी स्वतः ओतला होता. तिने काच वर घेतली. उतारावर तिसरा गिअर, ब्रेक थोडा-थोडा. माथ्यावर थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर तसंच चालू द्या. टर्बोच्या बेअरिंगला तेल इंजिन फिरतंय तोवरच मिळतं. ह्या घाटाची रात्रीची ख्याती पूर्वी चांगली नव्हती, आणि बिघाड झाला तर अंधारात मिस्त्री मिळत नाही. उजेडीच पार करा.

झाबुआच्या अलीकडे-पलीकडे दाल-पानिये मिळाले तर सोडू नका. मक्याचे जाड पानिये पळसाच्या पानांत ठेवून गोवऱ्यांवर भाजतात. पिटोलला मध्य प्रदेश संपतो आणि दाहोदपासून रस्ता पळायला लागतो. दाहोद, लिमखेडा, गोध्रा, हालोल ह्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. हालोलला पावागड डावीकडे ठेवून बडोद्यात शिरलो. दांडिया बाजारात गाडी लावायला जागा शोधणं हे मात्र घाटापेक्षा अवघड. सूरसागरच्या बाजूला लावून चालत जा.

मावशींनी गॅलरीतूनच विचारलं, “जावईबापू, ह्या एवढ्याशा गाडीत मावणार का हो?”

“मावेल, मावशी. नाही मावला तर झोपाळ्यावर बसूनच येतो.”

“नको, फळी आमच्या सासूबाईंची आहे,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लवकर सुरू होईना. स्टार्टर जोमात फिरत होता, ग्लो प्लगचा (थंड इंजिन आधी आतून तापवणारा) दिवा व्यवस्थित विझत होता, पण इंजिन धरत नव्हतं. बराच वेळ फिरवल्यावर एकदाचं धरलं, भसकन पांढरा धूर टाकला आणि पुढे सुरळीत चाललं. रात्रभर उभी राहिल्यावर असं होत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी इंजेक्टरच्या डोक्यावरून जाणाऱ्या परतीच्या बारीक रबरी नळ्या बघा. बोट फिरवलं तर एका नळीच्या टोकाला ओलसर लागलं. दोन दशकांत रबर कडक होऊन तडकतं, तिथून रात्री हवा आत शिरते आणि डिझेल टाकीकडे मागे सरकतं. डिझेल पंप दुरुस्तीच्या एका दुकानात कापडी विणीची नळी हातावर मोजून कापून मिळाली, चहाच्या बिलाएवढ्या पैशात. सगळ्या नळ्या एकदमच बदलल्या. तिथेच फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून वाटीभर डिझेल काढून पाहिलं, तळाला पाण्याचे थेंब होते. पावसाळ्यानंतर हे करावंच.

लादण्याचं तंत्र थोडक्यात. मागची सीट पाडून जुनी गादी पसरा. फळी गाडीच्या लांबीत आडवी निजवा, तिचं पुढचं टोक चालकाच्या नव्हे, शेजारच्या सीटच्या पाठीला टेकवा आणि रॅचेट पट्ट्याने सीटच्या बिजागरीला आवळा. ब्रेक लागला की न बांधलेली फळी पुढे सुटते. कड्या वेगळ्या, गोणपाटात गुंडाळून चाकांच्या मधोमध खाली ठेवा. टायरमध्ये हवा किती हे तुमच्या गाडीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलंय. भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो पाहून थंड टायरमध्ये भरा. वजन मागे गेलं की हेडलाइट आकाशाकडे बघतात, म्हणून डॅशवरचं लेव्हलिंग खाली फिरवायला विसरू नका. बायको मागे उरलेल्या जागेत कशीबशी बसली, आणि अख्खा गुजरात ‘फळीला सीट, मला कोपरा’ हे ऐकत पार झाला.

परतताना भगोरिया ह्या आदिवासी जत्रेचे दिवस सुरू होते. होळीच्या आदल्या आठवड्यात झाबुआ, धार, अलिराजपूर भागात ज्या गावाचा जो आठवडी बाजार, त्या दिवशी तिथे भगोरिया भरतो. ढोल, बासऱ्या, रंगीत छत्र्या आणि एकेका जीपच्या टपावर दहा-दहा माणसं. बघायला सुंदर, चालवायला कठीण. ह्या आठवड्यात निघणार असाल तर वाटेतल्या कुठल्या गावाचा बाजार कुठल्या वारी ते आधी विचारून घ्या आणि दुपारी तिथून जाणं टाळा. संध्याकाळी परतणारी गर्दी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी चालत असते.

जुनी डिझेल घेऊ पाहणाऱ्यांसाठी कागदांचंही सांगतो. पंधरा वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांसाठी नवी करावी लागते. २०२२ पासून कारची ही फी पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या कारला २०२५ पासून दहा हजार. त्याखेरीज फिटनेसची तपासणी. म्हणून आरसीवरची तारीख बघून गाडीचा भाव ठरवा. मध्य प्रदेश-गुजरातेत वयाची आडकाठी नाही, पण दिल्ली आणि एनसीआरकडे (दिल्लीभोवतीचा राजधानी परिसर) ही गाडी नेऊ नका. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचे आदेश २०१५ पासूनचे आहेत. पीयूसीला जाताना इंजिन पुरतं तापलेलं असू द्या. धूर मोजायला तपासणारा ऍक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. टायमिंग बेल्ट किती जुना आहे हे माहीत नसेल तर आधी बेल्ट बदला, मग पीयूसी. तो तुटला की वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

ॲव्हरेज जाताना सतराच्या जवळ, येताना झोपाळ्यासकट सोळाच्या आसपास. मोठे टायर घातले असतील तर हिशेबात सव्वादोन टक्के मिळवा: ओडोमीटर साडेतीनशे दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ३५८ किलोमीटर चाललेली असते. इंदूरहून जाणारे पेट्रोलवाले येताना टाकी बडोद्यातच काठोकाठ भरतात, कारण तिकडे ते बरंच स्वस्त पडतं. डिझेलमध्ये फरक किरकोळ आहे, त्यासाठी पंपावर रांग लावू नका. आता ह्यानंतरचं काम पुढच्या सस्पेन्शनच्या बुशांचं (रबरी सांध्यांचं) आहे. घाटात डावीकडून कुईकुई ऐकू येत होतं.