पाइपातला बुडबुडा

वर्षानुवर्षं हातानं काम शिकलेल्यांना कागद मिळवून द्यायचा, ही माझी नोकरी. सरकारी भाषेत आरपीएल. शिकवणं त्यात थोडंच; निम्मा वेळ आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळवण्यात जातो.

हे जोडपं कर्नाटकातल्या यादगीरकडचं. रोज सकाळी पुण्यात वारज्याच्या मजूर अड्ड्यावर उभं राहणारं. (बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. अड्ड्यावर रोज नवा मुकादम, दाखला मागायचा कोणाकडे? ही अट मुळात 1996 च्या कायद्यातली; तो करणाऱ्यांनी अड्डा पाहिला नसावा.) फॉर्म भरताना मी नवऱ्याला विचारलं, "या काय करतात?"

"माल कालवती, सर."

मी लिहिलं, हेल्पर मेसन. त्याच्या फॉर्मवर मेसन टायलिंग.

चाचणी वाघोलीच्या एका साइटवर होती. त्याला मोरीची फरशी आली. गवंड्याचा कस मोरीतच लागतो. 80 ला 1 उतार म्हणजे 5 फुटांत जेमतेम पाऊण इंच. तो माणसाला दिसत नाही, पाण्याला बरोबर दिसतो. आधी लेव्हल पाइपनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं, भिंतीवर खुणा घ्यायच्या. लेसर आले तरी मी पाइपच शिकवतो. त्यात भानगड एकच. पाणी भरताना हवेचा बुडबुडा अडकला की लेव्हल खोटी, आणि खोटी आहे हे कळतही नाही.

त्याच्या पाइपात अडकला होता. मला दिसला नाही. परीक्षक टॅबवर फोटो काढण्यात गुंग; थापी त्यांनी कधी हातात धरली असेल असं वाटत नाही. ती पलीकडे माल कालवत होती, तिचा पेपर तोच. फावडं टाकून आली, पाइपचं टोक उंच धरलं, दोन टिचक्या मारल्या. बुडबुडा सरसर वर निघून गेला.

"नीर निल्तद," एवढंच म्हणाली. पाणी साचतंय. त्यानं मुकाट्यानं खुणा पुसून परत घेतल्या.

"ताई, तुमचा पेपर तिकडे," परीक्षक म्हणाले. नियमानं बरोबरच.

ताज्या फरशीवर बादली ओतता येत नाही, म्हणून शेवटी काचेची गोटी सोडली. ती थेट जाळीवर जाऊन थांबली.

संध्याकाळी तिला विचारलं, फरशी कधीपासून बसवता?

"लग्न झाल्यापासनं. ह्यांना बारीक दिसत नाही, मोरी मीच करती. मुकादमाला सांगत नाही. बाईच्या नावानं मजुरी कमी पडती."

तोवर फॉर्म पोर्टलवर चढला होता. ऑफिसात बोललो. "पुढच्या बॅचला बघू," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी दर बॅचला ऐकतो.

प्रमाणपत्रं इंग्रजीत आली. दोघंही पास. तिनं आपलं पुढं केलं. "काय लिवलंय, सर?"

"मेसन," मी वाचलं. पहिला शब्द गाळला.

तिनं कागद पदरानं पुसला आणि नवऱ्याच्या कागदाखाली ठेवला.