चाळिशीचं घड्याळ

चाळिसावं लागलं तेव्हा ठरवलं, स्वतःसाठी एक नीट घड्याळ घ्यायचं. मोबाइल असताना घड्याळ कशाला, हे घरातल्या प्रत्येकाने एकेकदा विचारून घेतलं. मग मी दोन घड्याळांत अडकले, ती तीन महिने अडकलेलीच.

एक होतं टायटन एज. अख्खं घड्याळ साडेतीन मिलिमीटर जाडीचं, आतलं यंत्र जेमतेम १.१५. ते २००२ साली आलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि दुकानाच्या बाहेरूनच बघून पुढे गेले होते. हातात घातलं की आहे की नाही कळत नाही. दुसरं सिटिझनचं प्रोमास्टर. ४२ मिलिमीटरचं, पोलादी, २०० मीटरचं खरंखुरं डायव्हर, म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्यांचं घड्याळ. त्याची चावी तीनच्या बाजूला नाही, आठच्या बाजूला. आणि ती आटे फिरवून घट्ट बसवायची, म्हणजे पाणी शिरत नाही. माझं मनगट सहा इंचांचं. दुकानातला मुलगा तीनदा म्हणाला, "मॅडम, हे जेन्ट्स आहे."

खोटं कशाला बोलू, मन एजकडेच होतं. पण आधीचं एक बारीक, चामडी पट्ट्याचं घड्याळ आठवलं. जुलैतली संध्याकाळ, ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाची रांग, मी चिंब. सकाळी बघते तर काचेला आतून वाफ धरलेली, सहाच्या आकड्याशी एक टपोरा थेंब. पट्ट्याला तर असा वास की पर्समध्येही ठेववेना. मागे चक्क '३० मीटर' लिहिलेलं! घड्याळवाले काका हसले. म्हणाले, "ताई, तीस मीटर म्हणजे पोहायचं नाही. हात धुवा, चार शिंतोडे उडू द्या, बस." तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो, हे मला तेव्हा कळलं.

शिवाय पातळ घड्याळ शर्टाच्या कफाखाली अलगद सरकावं म्हणून पातळ. माझ्या आयुष्यात कफ कुठे आहे? कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि मे महिन्यात लोकलमध्ये वरच्या कडीला लोंबकळणारा हात.

सिटिझन घेतलं. घरी आणल्यावर आप्पांनी हातात घेतलं. त्यांच्या मनगटावर एचएमटी जनता, रोज सकाळी चहाआधी चावी देतात, चुकून राहिली तर दिवसभर चिडचिड. ते बेझल, म्हणजे काचेभोवतीचं आकड्यांचं कडं, फिरवायला गेले; एका बाजूला फिरलं, दुसऱ्या बाजूला फिरेना. "बिघडलेलं दिलंय तुला." मी सांगितलं, मुद्दाम एकाच बाजूला फिरतं. पाण्यात उतरताना त्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग किती वेळ झाला ते दिसतं. धक्का लागून सरकलं तरी वेळ जास्तच झाल्यासारखी दिसते, कमी नाही. आप्पा जरा थांबले. "म्हणजे चुकलं तर माणूस लवकर वर येणार. हुशार आहेत लेकाचे." मग त्यांनी उठून कुकर मंद केला आणि त्रिकोण लावला.

समुद्र अजून दाखवलेला नाही त्याला, तरणतलाव झाला. बाकी वेळ कुकर, केसांचा रंग आणि पार्किंगची पावती. रात्री दीडला डोळा उघडला तर काटे हिरवे चमकतात, फोन शोधावा लागत नाही.

लग्नांत मात्र पंचाईत. भाचीच्या लग्नात पैठणीवर घातलं तर मावशी म्हणाली, "हे काय ग, ट्रॅक्टरचं चाक?" रबरी पट्टा काढून २० मिलिमीटरचा निळा कापडी लावून बघितला, तरी चाक ते चाकच. पुढच्या लग्नाला आप्पांकडे जनता मागितली आहे. अजून हो म्हणालेले नाहीत.