लडाखची हवा, सह्याद्रीची हवा

पँगाँग सरोवराच्या काठावर, सुमारे ४,२०० मीटर उंचीवर, हवा विरळ आणि कोरडी. पलीकडचा डोंगर कित्येक किलोमीटर लांब असून हात लावावा इतका जवळ दिसतो. पाहायला हे सुंदर. पण फोटोत जवळचं आणि लांबचं सगळं एकाच पातळीवर येतं. तिथं खोली आपल्याला रचावी लागते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, १६ ते २० मिमीची वाइड लेन्स, समोर मीटरभरावर एखादा दगड, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ आणि फोकस दीड मीटरवर. दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. प्रतिबिंब हवं तर पहाटेच उभं राहावं, वारा सुटला की पाणी मोडतं.

पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, मात्र बॅगेतच बरा. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो आणि वाइड लेन्समध्ये आकाशाचा एवढा मोठा भाग येतो की मधोमध काळानिळा पट्टा उमटतो. एडिटिंगमध्ये तो घालवणं फार जिकिरीचं.

सह्याद्रीत खोली रचायचं काम बाष्प करतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्याच्या दिशेनं पाहिलं की रांगांमागच्या रांगा फिकट होत जातात. इथं वाइड लेन्स लावली तर रांगा बारीक रेघा होऊन जातात. ७०-२०० मिमीची टेलिझूम घ्यावी, १०० मिमीच्या पुढे, एफ/८. सकाळी हाच खेळ राजगडाच्या सुवेळा माचीवरून पूर्वेला दिसतो. धुकं फ्रेमभर असेल तर कॅमेऱ्यातला प्रकाशमापक त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +२/३ ते +१ स्टॉप. सूर्य फ्रेममध्ये आला की हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहून लगेच कमी करायचं. धुक्यात ऑटोफोकस पुढेमागे भटकतो. रांगेची गडद कड पकडावी, नाहीतर मॅन्युअल.

माझा कल सह्याद्रीकडे आहे, कारण जवळच्या डोंगरावर हवा पाहून निघता येतं. आदल्या दिवशी पाऊस, रात्री निरभ्र आकाश आणि वारा पडलेला, असं जुळलं की पहाटे दरीत धुकं साचण्याची शक्यता चांगली. लडाखसारख्या लांबच्या सुट्टीत तारखा आधीच ठरलेल्या असतात.

लेन्सवर दव दोन्हीकडे धरतं, कारणही एकच: थंड काच आणि ओलसर हवा. लडाखात गारठ्यातून उबदार खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, कार्ड काढून कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा आणि तास-दोन तास उघडू नये. बॅटऱ्या आतल्या खिशात. पावसाळ्यात घाटात पोचण्याच्या अर्धा तास आधी गाडीचा एसी बंद. घरी आल्यावर लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय बॉक्समध्ये ठेवावी. ओल्या बॅगेत आठवडाभर राहिली तर बुरशी धरायला तेवढं पुरतं.